सहा विषयांचा एक मास्तर: सीमाभागातल्या समाज विज्ञान शिक्षकानं तयारी कशी करावी

कर्नाटकात आठवी ते दहावीचं समाज विज्ञान म्हणजे एका नावाखाली सहा विषय: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन. हे सगळं शिकवणारा शिक्षक मात्र एकच. तो बहुधा इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेला असतो. तह, सनावळ्या, घराणी त्याला तोंडपाठ असतात; पण बँक व्यवहार किंवा उद्योजकता हा धडा आला की पुस्तक वाचून दाखवायचं, खालचे प्रश्न फळ्यावर सोडवून द्यायचे आणि पुढं सरकायचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात अडलं तर विचारायला शेजारी दुसरा समाज विज्ञानवाला नसतो. वरून येणारं प्रशिक्षण बहुतेक कन्नडमध्ये, मोठ्या हॉलमध्ये, एका दिवसात उरकलेलं. तिथं हजेरी लागते, पण सोमवारचा तास पूर्वीसारखाच होतो.

हॉलमधलं प्रशिक्षण अगदीच वाया जातं असं नाही. नवा प्रश्नपत्रिका-आराखडा, मूल्यमापनाचे बदललेले नियम, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, ८० आणि २० गुणांची विभागणी अशी माहिती द्यायला ते पुरेसं असतं. शिकवण्याची सवय मात्र माहितीनं बदलत नाही. ती आपल्याच वर्गात, आपल्याच धड्यावर, चार जणांच्या नजरेखाली काम केल्यावर बदलते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या कामाला दिली आहे.

आधी तासांचा हिशेब. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं. कर्नाटकानं ते धोरण बाजूला ठेवून २०२३ मध्ये स्वतःचा आयोग नेमला, त्यामुळं या आकड्याकडं हुकूम म्हणून बघू नका; माप म्हणून तो उपयोगी आहे. ५० तास म्हणजे महिन्याला जेमतेम चार-साडेचार तास. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर महिन्यातून दोनदा दोन तास बसलं तरी तेवढे भरतात. दीक्षासारख्या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं यात धरता येतील, पण सगळे ५० तास मोबाइलवर भरले तर वर्गात काही उतरत नाही. दहा-बारा तासांच्या पुढं ऑनलाइन जाऊ नये.

आता मुख्य काम. जपानमधल्या शाळांत शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली एक पद्धत आहे. मराठीत तिला पाठ-अभ्यास म्हणता येईल. चार ते सहा शिक्षकांनी मिळून एकच धडा तयार करायचा, एकानं तो खऱ्या वर्गात शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडं बघायचं, मग बसून धडा दुरुस्त करायचा आणि दुसऱ्यानं दुसऱ्या शाळेत तो पुन्हा शिकवायचा. एवढंच. पैसा लागत नाही, पण वेळेचा आणि स्वभावाचा कस लागतो.

गट जमवताना एका क्लस्टरपुरतं, म्हणजे जवळच्या शाळांच्या सरकारी गटापुरतं, थांबू नका. मराठी माध्यमाच्या शाळा विखुरलेल्या आहेत. पंधरा-वीस किलोमीटरच्या टप्प्यातल्या, एकाच बसमार्गावरच्या शाळा धरा. एखादा कन्नड माध्यमाचा समाज विज्ञान शिक्षक गटात असलाच पाहिजे, त्याचं कारण पुढं येईल. सहापेक्षा जास्त माणसं झाली की सभा होते आणि सभेत दोघंच बोलतात. शाळेबाहेर जाण्याची लेखी परवानगी मुख्याध्यापकांकडून आणि बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसकडून आधी घ्या, सीआरपींना (क्लस्टरच्या मार्गदर्शक शिक्षकांना) तारीख कळवा. नाहीतर दुसऱ्याच शनिवारी कुणाला तरी अचानक दुसरी ड्युटी लागते आणि गट मोडतो.

धडा कसा निवडायचा? जिथं मुलं दरवर्षी तीच चूक करतात, तिथला. उदाहरण कित्तूरचंच घेऊ. ‘कित्तूर संस्थान का गेलं?’ असं विचारलं की बरीच मुलं ठोकून देतात, ‘डलहौसीच्या दत्तक वारस नामंजूर धोरणामुळं.’ आता सनावळी बघा. कित्तूरची लढाई १८२४ ची. धारवाडचा कलेक्टर थॅकरे २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरसमोर मारला गेला. डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला १८४८ मध्ये. मध्ये २४ वर्षं आहेत. मग मुलं चुकतात कशामुळं? पुस्तकात ‘दत्तक’ हा शब्द दोन्हीकडं येतो आणि मूल शब्दाला शब्द जोडतं. शिक्षकही कधीकधी तसंच सांगून जातो, हे मान्य करायला हवं.

पहिली बैठक दोन तासांची. तिच्यात धडा शिकवायचा कसा हे ठरवायचंच नाही. आधी विषय आपल्याला नीट कळला आहे का ते तपासायचं. कित्तूरच्या बाबतीत गटानं स्वतःसाठी काढायची उत्तरं अशी: पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि कित्तूरचे देसाई कंपनीच्या छत्राखाली आले. १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले, दत्तकविधान झालं आणि कंपनीनं ते मानलं नाही. प्रकरण धारवाडच्या कलेक्टरकडं का गेलं? कारण बेळगाव हा वेगळा जिल्हा १८३६ मध्ये झाला. वारस नसलेली संस्थानं खालसा करायची चाल डलहौसीनं शोधून काढली नव्हती. कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच दत्तकाला परवानगी हा अपवाद राहावा असं ठरवलं होतं, आणि आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये गेलं. डलहौसीनं ती चाल सर्रास वापरली आणि १८४८ मध्ये साताऱ्यापासून सुरुवात केली. एवढं हाताशी आलं की शिक्षकाला स्वतःलाच प्रश्न दिसतो: ‘डलहौसीच्या आधी २४ वर्षं कंपनी दत्तक का नाकारत होती?’ हाच तासाचा प्रश्न.

दुसऱ्या बैठकीत ४० मिनिटांचा तास आखायचा. टाचण नेहमीसारखं लिहू नका. तीन रकाने करा: शिक्षक काय विचारणार, मुलं बहुधा काय उत्तर देतील, त्या उत्तरावर शिक्षक काय करणार. मधला रकाना भरताना गट अडखळतो, आणि खरं शिक्षण तिथंच होतं. कित्तूरच्या तासात पहिली पाच मिनिटं मुलांना काहीही न सांगता चार कार्डं द्या: १८१८, १८२४, १८३४, १८४८, प्रत्येकावर एक ओळ. जोडीनं क्रम लावायचा आणि ‘कित्तूर डलहौसीमुळं गेलं’ या वाक्याखाली बरोबर की चूक ते कारणासह लिहायचं. मग १५ मिनिटं चर्चा, दहा मिनिटं नकाशावर धारवाड, कित्तूर, सातारा, कुलाबा, आणि शेवटी मुलांनी स्वतःच्या शब्दांत चार ओळी.

तासाच्या दिवशी निरीक्षकांनी शिक्षकाकडं बघायचं नाही, तीन-चार मुलांकडं बघायचं. प्रत्येकानं आपली मुलं आधी वाटून घ्यायची, बाजूला बसायचं आणि वेळेसकट लिहायचं: ‘१०.५२, या मुलीनं १८३४ चं कार्ड बाजूला ठेवलं, जोडीदाराला म्हणाली हे कशाला लागतं.’ मुलाला मदत करायची नाही, खूण करायची नाही, आपसात कुजबुजायचं नाही. हे सगळ्यात जड जातं. मास्तरकी अंगात मुरलेली असते आणि चुकणारं पोर बघून हात शिवशिवतात.

आणखी एक गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंदांच्या पुढं थांबलं की उत्तरं लांब येतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. आकडा बघून बहुतेक शिक्षक चकित होतात, कारण आपण भरपूर थांबतो असंच प्रत्येकाला वाटत असतं.

तासानंतरची चर्चा त्याच दिवशी, पाऊण तास. आधी शिकवणाऱ्यानं बोलायचं. मग निरीक्षकांनी, पण ‘मला वाटतं तुम्ही घाई केली’ असं वाक्य चालणार नाही. ‘या मुलानं असं लिहिलं’ एवढंच चालेल. हा नियम मोडला की चर्चा शिक्षकाच्या तपासणीकडं घसरते आणि पुढच्या वेळी शिकवायला कोणी उभं राहत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तासाची आधी रंगीत तालीम घेणं. मुलांना उत्तरं पाठ असली की तास देखणा होतो आणि बघण्यासारखं काही उरत नाही. तिसरी चूक: विषय फार मोठा घेणं. ‘स्वातंत्र्यलढा’ हा पाठ-अभ्यास होऊ शकत नाही. ‘संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी झाली, तरी कित्तूरचा लढा आधीच संपला होता असं म्हणता येईल का’ हा होऊ शकतो. आठवडा-दोन आठवड्यांनी दुरुस्त धडा दुसऱ्या शाळेत. वर्षातून असे दोन धडे पुरे. तिसरा घेतला की गट दमतो.

जो भाग आपला नाही त्याचं काय? व्यवसाय अध्ययन आणि अर्थशास्त्र यांसाठी पुस्तकं गोळा करण्यापेक्षा गावातला कागद बरा. ऊस उत्पादकाचं कारखान्याचं बिल घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. उतारा ११ टक्के असेल तर साडेसात टप्पे, म्हणजे २५.९५ रुपये, क्विंटलला ३८०.९५, टनाला ३,८०९.५० रुपये. मग घरी आलेल्या बिलात आकडा कमी का? तोडणी-वाहतूक वजा झाली म्हणून. एवढ्या एका कागदात किमान दर, सरकारी हस्तक्षेप, उत्पादन खर्च आणि वजाबाकी सगळं येतं. (जाता जाता: आपल्याकडं उतारा म्हणजे शेताचा पहाणी-उताराही. मुलांचा गोंधळ होतो. आधीच सांगून टाका.) गटातल्या शिक्षकांनी आधी तीन वेगवेगळी बिलं स्वतः सोडवून बघावीत. नाव, खाते क्रमांक झाकूनच वर्गात न्यावीत.

सहकार शिकवायचा तर गावच्या पीकेपीएसच्या (प्राथमिक कृषी पतसंस्थेच्या) सचिवाला अर्धा तास मागा आणि वार्षिक अहवालाचा ताळेबंद समोर ठेवून विचारा: भागभांडवल कुठं दिसतं, ठेवी कुठं, थकबाकी कुठं. भारतातली पहिली कृषी पतसंस्था १९०५ मध्ये कणगिनहाळला, आजच्या गदग जिल्ह्यात निघाली. हे वाक्य पाठ्यपुस्तकात असो वा नसो, ताळेबंद बघितलेल्या शिक्षकाच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं.

शब्दांचा प्रश्न सीमाभागाचा खास आहे. प्रशिक्षण, परिपत्रकं कन्नडमध्ये. पाठ्यपुस्तक मराठीत, तेही बऱ्याचदा कन्नडच्या वळणाचं. दोन्ही भाषांत संस्कृत शब्द सारखे दिसतात आणि तिथंच पाय घसरतो. कन्नडमध्ये ‘शासक’ म्हणजे आमदार. मराठीत राज्य करणारा. कन्नड ‘शासकांग’ म्हणजे कायदेमंडळ, पण मराठी कानाला ते शासन, म्हणजे सरकार वाटतं. ‘समान अवकाश’ हे कन्नडमध्ये समान संधी. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा सवड. ‘करडु समिती’ म्हणजे मसुदा समिती. राज्यशास्त्राचा धडा शिकवताना शासकांग आणि कार्यांग (कार्यकारी मंडळ) यांची अदलाबदल झाली तर सगळा धडा उलटा होतो. म्हणून गटात कन्नड माध्यमाचा शिक्षक हवा. एक दोनशे पानी वही करा, पानाला तीन रकाने: पुस्तकातला मराठी शब्द, कन्नड शब्द देवनागरीत, आणि एका ओळीत अर्थ. दर बैठकीत दहा शब्द. वर्षाला दोनशेच्या आसपास होतात, आणि सहा विषयांना तेवढे पुरतात.

साधनांबद्दल थोडं सविस्तर, कारण या जिल्ह्याइतकी श्रीमंती क्वचित मिळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २१ वा खंड बेळगाव जिल्ह्याचा, १८८४ चा. इंटरनेटवर स्कॅन मिळतो. त्यातलं आपल्या तालुक्याचं एकच पान घ्या आणि तीन प्रश्न लावा: कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, काय सोडलं. पीक आणि महसूल तपशिलात, मजूर बायका मात्र गायब, असं दिसलं की साधनाची चिकित्सा म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळतं. त्याच्या शेजारी २०११ च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक ठेवा. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती.

क्षेत्रभेट दोन तासांची ठेवा, दिवसाची सहल करू नका. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती, साफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम काही मिनिटांच्या चालीवर आहेत; तटबंदीच्या आत लष्कराचाही भाग आहे, म्हणून फोटो कुठं चालतात ते आधी विचारा. हलशीला कदंबांचे ताम्रपट सापडले, जैन संघांना दिलेल्या जमिनींचे. तिथलं भूवराह नरसिंह मंदिर बघायला बऱ्याच शाळा जातात, पण ताम्रपटाचा विषय निघत नाही. टिळकवाडीतलं वीरसौध १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. गटानं भेटीआधी स्वतः जाऊन यावं आणि मुलांसाठी फक्त पाच प्रश्नांचा कागद करावा, त्यातले निदान दोन तिथं उभं राहून बघितल्याशिवाय उत्तर न येणारे. शिलालेखावर खडू, पीठ किंवा पाणी अजिबात नको. दगड खराब होतो आणि संरक्षित वास्तू असेल तर गुन्हाही ठरतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, नाहीतर बाजूनं टॉर्च धरून फोटो काढा. अक्षरं सावलीनं उठून दिसतात. वाचायला कन्नड शिक्षकाची मदत घ्या, पण जुनी कन्नड लिपी त्यालाही सहज येईल असं समजू नका.

भूगोलाला एकच सुचवणं पुरेसं आहे: खानापूर तालुक्याचा १:५०,००० चा नकाशा, ज्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मलप्रभा कणकुंबीला उगवून पूर्वेला कृष्णेकडं जाते. म्हादई त्याच तालुक्यात देगावला उगवून पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. दोन्हींच्या मधला जलविभाजक समोच्चरेषांवरून शिक्षकांनी आधी स्वतः पेन्सिलीनं काढावा. पहिल्यांदा हमखास चुकतो. मग म्हादईच्या पाणीवाटपावरच्या २०१८ च्या लवादाच्या निवाड्यातले कर्नाटकाचे १३.४२ टीएमसी कळायला लागतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.

राहिला तो तास जो सगळेच टाळतात. १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर राज्योत्सवाची (कर्नाटकाच्या स्थापना दिनाची) मिरवणूक आणि काळ्या दिनाची (मराठी भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची) फेरी मुलं बघतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात. गप्प बसलं तर उत्तर बाहेरून मिळतं. आपलं मत सांगितलं तर वर्गातली निम्मी मुलं बंद होतात, आणि नोकरीलाही त्रास. मधला रस्ता कागदांचा आहे, आणि तो गटात आधी तयार करावा लागतो. एकट्यानं करू नये. फळ्यावर तीन रकाने: घडलेलं, मागणी, मत. ‘घडलेलं’मध्ये फक्त हे: राज्य पुनर्रचना आयोग १९५३, अहवाल १९५५, कायदा १९५६, सीमावादावरचा महाजन आयोग १९६६, त्याचा अहवाल १९६७, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४. दोन राज्यांमधला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात का? कलम १३१ उघडा. ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली, तिनंच कलम ३५०-अ घातलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय. आता एखादं मूल विचारेल, ‘मग सर, आम्ही तर नववीत आहोत?’ कलमात प्राथमिक असंच म्हटलं आहे. हायस्कूलसाठी कलम ३० कडं जावं लागतं, अल्पसंख्याकांनी संस्था स्थापण्या-चालवण्याच्या हक्काकडं. मुलं जे वाक्य बोलतील ते कुठल्या रकान्यात जातं हे त्यांनीच ठरवायचं. शिक्षकानं फक्त ‘हे कशावरून?’ विचारायचं आणि तीन सेकंद थांबायचं. घोषणा आली तर ती मताच्या रकान्यात लिहायची, पुसायची नाही, हसायचंही नाही. या तासाला कन्नड माध्यमाचा सहकारी निरीक्षक म्हणून बसलेला असावा, आणि त्याच्या शाळेत तोच तास होईल तेव्हा मराठी शिक्षकानं जाऊन बसावं.

प्रत्येक बैठकीची नोंद एका पानात ठेवा: तारीख, हजर किती, कुठला धडा, मुलांची कोणती चूक सापडली, धड्यात काय बदललं, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर गटातल्या कुणालाच आलं नाही. पुढच्या शनिवारची बैठक त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करा.